दुसऱ्याची लेकरे

(साक्षरता वर्गाच्या सायंकाळच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



तुमच्या वर्गाचे गुरुजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मुलांचे नाटक घेऊन गावोगाव हिंडलात. त्यावर आमच्या लोकांपुढे बोला." मी म्हटले, "मी भाषण करणारी नाही. शाळेत शिकवले, एवढेच." तर म्हणतात, "घरी बोलता तसे बोला, आम्ही ते छापू." तेव्हा जसे येईल तसे बोलते. शब्द अडला तर मधेच विचारा. लाजू नका.

माझे घर नागपूरचे, सदर भागातले. आम्ही ख्रिस्ती. १९७६ साली मी बारा वर्षांची होते. त्या वर्षी आमच्या एका पाळकसाहेबांनी मुलांचा मेळा काढला. मेळा हा शब्द आपल्याकडे कोणाला नवा नाही. पूर्वी गणपतीत मेळे निघत. मुले-मुली एकसारखे कपडे घालून गाणी म्हणत, संवाद करीत. पाळकसाहेबांनी तीच रीत घेतली. गोष्टी मात्र बायबलातल्या. शाळेला सुट्टी लागली की आम्ही निघायचे. चौदा-पंधरा मुले, चार मोठी माणसे, दोन पत्र्याच्या पेट्या, एक बाजाची पेटी आणि एक ढोलकी. एवढा आमचा संसार.

मला पहिल्या वर्षी काम मिळाले मेंढराचे. अंगावर पोते, पोत्याला कापूस चिकटवलेला. बोलायचे काही नाही. फक्त हरवायचे आणि सापडायचे. मेंढपाळाची शंभर मेंढरे असतात, एक हरवते, तो नव्व्याण्णव सोडून त्या एकाला शोधायला जातो, अशी ती गोष्ट आहे. आमच्याकडे शंभर कुठली? चारच होतो. मे महिन्यात अंगावर कापूस म्हणजे काय होते, ते नागपूरच्या उन्हाळ्यात राहिलेल्याला सांगायला नको. पण मला ते काम फार आवडे. कोणीतरी आपल्याला शोधत येते आहे, हे रोज रात्री ऐकायला बरे वाटे.

आता तुम्ही म्हणाल, नाटक करून धर्माची गोष्ट सांगायची, हे तुम्हीच काढले काय? नाही. आपल्याकडे कीर्तन आहे, दंडार आहे, भारूड आहे. लोकांनी देवाधर्माच्या गोष्टी नेहमी गाऊन-नाचूनच सांगितल्या. ख्रिस्ती लोकांनीही ते पाहून घेतले. अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने रचली. नारायण वामन टिळक हे मोठे कवी. ते ख्रिस्ती झाले १८९५ साली, मुंबईत. त्याआधी ते आपल्या नागपुरात राहून गेले होते. येशूची भक्ती आपल्या मातीतल्या भजन-कीर्तनातून व्हावी, असा त्यांचा आग्रह असे.

टिळकांची पत्नी लक्ष्मीबाई. त्यांचे नाव तुमच्या वर्गात तर घेतलेच पाहिजे. लग्न झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षर ओळख झाली ती लग्नानंतर. पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' नावाचे आपल्या आयुष्याचे पुस्तक लिहिले. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. आजही ते पुस्तक घरोघर वाचतात. १९३३ साली नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षा या लक्ष्मीबाईच होत्या. नवरा कधी कुठे निघून जाईल याचा नेम नाही, घरात पैसा नाही, आणि तरी वाचताना हसू येते. मी प्रवासात ते पुस्तक पेटीत ठेवत असे.

आणखी एक नाव सांगते. स्टीफन हिस्लॉप. नागपुरात त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. हे स्कॉटलंडचे पाद्री १८४५ साली नागपुरात आले. घोड्यावरून खेडी हिंडत. १८६३ साली बोरीजवळ रात्री ओढ्याचे पाणी चढले आणि त्यात ते बुडाले. पण मला त्यांची दुसरीच गोष्ट मोठी वाटते. हे आपली गोष्ट सांगायला आले होते ना? त्यांनी गोंड लोकांचे लिंगोचे गीत एका परधानाकडून ऐकून लिहून घेतले. त्यांच्या मागे, १८६६ साली, ते छापले गेले. सांगायला गेलेला माणूस बसून ऐकतो, हे सोपे नाही. आमच्या मेळ्याला ते शिकायला बरीच वर्षे लागली.

आता प्रवासाचे सांगते.

आम्ही बहुतेक पूर्वेकडे जात असू. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. त्या वेळी इतवारी स्टेशनावरून नागभीडला छोटी गाडी जायची. रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट. शंभराच्या वर किलोमीटर जायला ती अर्धा दिवस खायची. पोट्ट्यांना त्यातच मजा. गाडी इतकी सावकाश चढायची की मोठी पोरे उतरून बाजूने पळत आणि पुन्हा चढत. मी ओरडत असे. ही गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, मोठे रूळ टाकण्यासाठी.

स्टेशनापासून गावापर्यंत बंडी. पेट्या बंडीत, लहान पोरे बंडीत, बाकी पायी. मुक्काम शाळेत, नाही तर कोणाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. जेवण गावातले. भात, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. सदरची मुले पहिल्या दिवशी नाक मुरडत, तिसऱ्या दिवशी पुन्हा वाढा म्हणत.

१९८५ साली मी मास्तरीण झाले होते. त्याच वर्षी मेळा माझ्याकडे आला. तेव्हा मला कळले की नाटक हे यातले सर्वांत सोपे काम. अवघड काम म्हणजे दुसऱ्याची लेकरे सांभाळणे. कोणाला रात्री आई आठवते. कोणी अंथरूण ओले करतो आणि सकाळी रडतो, तर ते दुसऱ्या पोरांच्या आधी उठून गुपचूप धुवायचे. मुलींच्या आंघोळीला आडोसा करायचा. कोणाचे पोट बिघडते. उन्हात दुपारी कोणी बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी बसायचे. आणि दिवसातून चार वेळा डोकी मोजायची. गाडीत चढताना, उतरताना, जेवताना, झोपताना. मेंढराची गोष्ट मी लहानपणी केली होती. तिचा अर्थ मला डोकी मोजताना कळला. पंधराऐवजी चौदा भरले की पोटात गोळा येतो. मग तो एक कुठे तरी आंब्याच्या झाडावर सापडतो आणि वरून विचारतो, "काहून ओरडता, बाई?"

नाटक रात्री व्हायचे. दोन बंड्या उलट्या लावून त्यावर फळ्या, मागे एक सतरंजी, वर पेट्रोमॅक्सची बत्ती. झाला रंगमंच. पण तिकडचे लोक नाटकाचे मोठे जाणकार, हे लक्षात ठेवा. ती सारी झाडीपट्टी. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव जातात. मंडई असली, शंकरपट असला की रात्री नाटक, आणि ते पहाटेपर्यंत चालते. लोक घोंगड्या घेऊन येतात. आमचे नाटक दीड तासात संपायचे. पहिल्यांदा एका गावी नाटक संपवून आम्ही हात जोडले, तर लोक उठेचनात. शेवटी एक जण म्हणाला, "एवढंच? मी तीन कोसांवरून आलो ना जी!" मग काय करता? तेच नाटक पुन्हा केले. पुन्हा टाळ्या. मेंढरू दुसऱ्यांदा हरवले तोवर मेंढरू झोपी गेले होते. त्याला उचलून आणावे लागले.

आमचे मुख्य नाटक होते दयाळू शोमरोन्याचे. गोष्ट अशी. एक माणूस वाटेने जात असतो. चोर त्याला मारून, लुटून टाकतात. त्याच्याच धर्माचा पुजारी येतो, बघतो आणि बाजूने निघून जातो. दुसरा येतो, तोही जातो. मग तिसरा येतो. हा शोमरोनी. म्हणजे ज्या लोकांशी ते शिवत नसत, बोलत नसत, त्यांच्यातला. तो थांबतो. जखमा धुतो, आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेतो, पैसे भरतो. आम्ही वाट बदलली होती. आमचा माणूस नागपूरहून उमरेडला निघायचा. लोकांना ते फार पटे. "त्या वाटेवर चोर होतेच," असे म्हातारे सांगत.

एकदा पुढे बसलेल्या पोराने विचारले, "तो शोमरोनी कोणत्या जातीचा?" पाळकसाहेब तेव्हा आमच्यासोबत होते. ते म्हणाले, "तुमच्या गावात कोणाच्या हातचे पाणी पीत नाहीत?" सगळे गप्प. बत्तीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "पुढचं दाखवा ना बाप्पा, रात होते." लोक हसले. प्रश्न तिथेच राहिला. आम्ही पुढचे दाखवले.

आता एक चूक सांगते. आमची.

१९८७ सालच्या नाताळात एका भल्या माणसाने आम्हाला गोळ्यांचा डबा आणि येशूची रंगीत चित्रे दिली. आम्ही काय केले? नाटक झाल्यावर गावातल्या मुलांना म्हटले, जो हे वचन पाठ म्हणेल त्याला गोळी आणि चित्र. पोट्ट्यांची रांग लागली. आम्ही खूश. पहाटे शाळेच्या दाराशी एक माणूस उभा. धोतर, खांद्यावर घोंगडी. त्याने हात पुढे केला. हातात चित्र, आणि त्यावर गोळी, कागदासकट. म्हणाला, "बाई, माह्या पोराले गोष्ट सांगा. पण गोळी दाखवून नका सांगू." आणि गेला. रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

तुम्हाला ठाऊक असेल, हा प्रश्न लहान नाही. १९५४ साली नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. तेव्हाच्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला. त्यावर लोक आजही भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमात प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क आहे. आणि १९७७ साली सुप्रीम कोर्टाने म्हटले की, सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचा धर्म बदलण्याचा हक्क नव्हे. ही कायद्याची बोलणी झाली. त्या माणसाला कलम ठाऊक नसेल. पण त्याचे म्हणणे मला नीट समजले. पुढे बसलेली पोरेही दुसऱ्याचीच लेकरे असतात. त्यांच्या आई-बापांनी ती आपल्यापुढे विश्वासाने बसवलेली असतात. त्या दिवसापासून मेळ्यात गोळ्या बंद, चित्रे बंद, नावे लिहून घेणे बंद. आमच्यातले काही जण त्यावर नाराज झाले. दोघांनी मेळा सोडला. सोडू दे, म्हटले.

आता शेवटची गोष्ट. ही सांगायला मला जड जाते.

साल १९९१, जूनचा पहिला आठवडा. एक पाऊस पडून गेला होता. खूप उकडत होते. नागभीडच्या पुढच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात पोरे ओळीने झोपली होती. खाली, सतरंजीवर. मी डोकी मोजली. पंधरा भरली. रात्री तीनच्या सुमारास धाकटा मेंढपाळ, नऊ वर्षांचा पोरगा, मला उठवून म्हणाला, "बाई, पोट दुखते." मला वाटले, आंबे खाल्ले असतील. ओवा दिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "गिळता येत नाही." कंदील जवळ नेला, तर त्याच्या पापण्या मिटत होत्या. झोपेने मिटतात तशा नाहीत. उघडायला जातो आणि उघडत नाहीत.

शाळेशेजारी राहणारा एक म्हातारा उठून आला. त्याने पापण्या पाहिल्या आणि म्हणाला, "मण्यार आहे." आम्ही अंगभर पाहिले. दंश नीट दिसत नव्हता, सूज नाही, रक्त नाही. मण्यारीचे असेच असते. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचे बऱ्याचदा कळतही नाही. मग लोक जमले. एक म्हणे, मांत्रिकाकडे न्या, दोन घरे पलीकडे आहे. दुसरा म्हणे, कापून रक्त काढा. त्या म्हाताऱ्याने दोघांनाही गप्प केले. म्हणाला, "माह्या भावाले मांत्रिकाकडेच नेलं होतं." एवढेच बोलला. पुढे काही बोलावे लागले नाही.

एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत पेंढा, त्यावर पोरगा, त्याचे डोके माझ्या मांडीवर. रस्ता खड्ड्यांचा. मी सारखी त्याच्याशी बोलत होते. तो बोलेनासा झाला तेव्हा मी त्याचा श्वास मोजू लागले. डोकी मोजणारी मी, आता श्वास मोजत होते. दवाखान्यात सापाची लस होती. लस दिली. पण श्वास बंद पडत चालला होता. तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी आणि एका वॉर्डबॉयने रबरी फुगा तोंडावर धरून हाताने दाबून-दाबून त्याला श्वास दिला. आळीपाळीने, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मीही दाबला. हात भरून यायचा. संध्याकाळी त्याच्या पापण्या हलल्या.

पोरगा वाचला. हे आधीच सांगते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. आज त्याला स्वतःची दोन मुले आहेत. आणि तुम्हीही ध्यानात ठेवा. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. साप चावल्याचा संशय जरी आला तरी कापू नका, घट्ट आवळून बांधू नका, माणसाला चालवू नका. सरळ दवाखाना. आता १०८ नंबरला फोन केला तर गाडी येते. तेव्हा ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. धुणीभांडी करणारी बाई. तिला मी तार पाठवली होती. पोराजवळ बसली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाई, त्या वहीत मी अंगठा देला होता. त्याच्यावर काय लिवलं होतं, ते वाचून दाखवा."

आमची एक वही असे. पोराला न्यायच्या आधी तिच्यात पालकाची सही किंवा अंगठा घ्यायचा. वर मजकूर होता. तो मीच लिहिला होता, कुठल्या तरी सहलीच्या कागदावरून उतरवून. वही माझ्या पिशवीतच होती. मी वाचू लागले. "प्रवासात मुलास काही इजा अथवा अपाय झाल्यास त्याची जबाबदारी पालकांवर राहील. मेळ्याच्या चालकांवर राहणार नाही."

माझा आवाज फुटेना. सहा वर्षे मी त्या वाक्याखाली अंगठे घेत होते. एकदाही कोणाला वाचून दाखवले नव्हते. शाळेत पोरांना वाचायला शिकवणारी मी. फसवायचे मनात नव्हते, हे खरे. पण वाचून दाखवले असते तर तिने अंगठा दिला असता काय? हे मी मला विचारले. तुम्हीही विचारा.

ती बाई ओरडली नाही. म्हणाली, "हे मले कोणी सांगतलं नव्हतं." आणि आत पोराजवळ जाऊन बसली.

नागपूरला आल्यावर मी ते पान फाडले नाही. तसेच ठेवले. पुढच्या पानावर नवा मजकूर लिहिला, मोठ्या अक्षरांत. पोराला कुठे नेणार, किती दिवस, झोपवणार कुठे, आजारी पडला तर कोणत्या दवाखान्यात नेणार, आणि जबाबदारी माझी. त्याखाली माझी सही आधी. पालकांची नंतर, आणि तीही वाचून दाखवल्यावर. पंधरा मच्छरदाण्या घेतल्या. त्यासाठी एका पेटीतले अर्धे कपडे कमी करावे लागले. राजा त्यानंतर बिनमुकुटाचाच राहिला.

त्या वर्षीच्या दिवाळीत मेळ्यात यायला पोरे कमी निघाली. आठच. धाकट्या मेंढपाळाला आईने पाठवले नाही. मी विचारायलाही गेले नव्हते. पण नाताळच्या आधी ती स्वतः आली. सोबत त्याची बहीण, सात वर्षांची. म्हणाली, "हिले मेंढरू व्हायचं आहे. वाचा." मी मजकूर वाचला. "पुन्हा वाचा," म्हणाली. पुन्हा वाचला. मग तिने 'झोपवणार कुठे' हे शब्द कुठे आहेत, ते बोटाने दाखवायला सांगितले. मी दाखवले. तिने त्या शब्दांवर बोट ठेवून थोडा वेळ पाहिले, आणि मग खाली अंगठा दिला.

२००८ सालापर्यंत मी मेळा चालवला. नंतर गुडघे बोलू लागले. ती वही आज मी सोबत आणली आहे. गुरुजी, ही मधे ठेवा. मंडळी, पाने जपून उलटा, कडा फाटल्या आहेत. ते जुने पान डावीकडे आहे, नवे उजवीकडे. अक्षर माझे आहे, लागायला अवघड नाही.